उजवा की डावा?

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून एक छोटा ड्रोन बांधला होता, एफपीव्ही म्हणतात तसला. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा, पोटात ५.८ गिगाहर्ट्झचा इवलासा ट्रान्समीटर आणि उडवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल. आपणच त्या ड्रोनमध्ये बसून उडतोय असं वाटतं. अडचण अशी की ड्रोन मैदानाच्या निम्म्यात जातो न जातो तोच गॉगलमध्ये मुंग्या सुरू.

पोरं हुशार. त्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये दोन्ही अँटेना अनालायझरवर लावून पाहिले. "मामा, दोन्हींचा एसडब्ल्यूआर दीडच्या आत आहे. मग बिघडलंय काय?" मी म्हटलं, अँटेनाच्या टोपीवर किंवा बुडाशी एखादं अक्षर छापलंय का बघ. ट्रान्समीटरच्या अँटेनावर 'आर' होतं, गॉगलच्या अँटेनावर 'एल'. एक उजवा, एक डावा. त्यांनी जोडीतला एक बदलला आणि ड्रोन मैदान ओलांडून गेला.

पण पठ्ठ्याने त्यानंतर विचारलेला प्रश्न जास्त चांगला होता. "उजवं कुठलं आणि डावं कुठलं, हे ठरवलं कुणी?"

आता याचं उत्तर फोनवर कसं देणार? याच प्रश्नापायी १९६२ साली ब्रिटनच्या टपाल खात्याची सगळ्या जगासमोर फजिती झाली होती, आणि ती जागा मी राहतो तिथून गाडीने दोन तासांवर आहे. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तरच लिहावं.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. रेडिओ लहर म्हणजे पुढे पळणारं विद्युत क्षेत्र. ते क्षेत्र कुठल्या दिशेला डोलतंय त्याला म्हणायचं पोलरायझेशन. मराठीत ध्रुवीकरण, पण तो शब्द आता राजकारणवाल्यांनी पळवलाय, तेव्हा आपण पोलरायझेशनच म्हणू. लहानपणी चाळीच्या गच्चीवर दूरदर्शनचे अँटेना असायचे, ज्यावर कावळे बसायचे, आठवतात? त्याच्या काड्या आडव्या असत, कारण येणारी लहर आडवी डोलत असे. त्याच काड्या उभ्या केल्या असत्या तर बातम्या देणाऱ्या बाईंच्या जागी मुंग्या दिसल्या असत्या.

ही गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून माहीत होती. हर्ट्झने १८८८ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला समांतर तारांची जाळी लहरीच्या वाटेत धरून दाखवली. तारा क्षेत्राला समांतर असतील तर लहर अडते, जाळी नव्वद अंश फिरवली की पार जाते. आपल्याकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी पुढच्या दशकात याहून कितीतरी आखूड, काही मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले. पोलरायझर म्हणून त्यांनी काय वापरलं असेल? ब्रॅडशॉचं रेल्वेचं वेळापत्रक! पानापानांमध्ये कथलाचा पातळ पत्रा घालून. पुढे १८९८ मध्ये त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून लहर पाठवून तिचं पोलरायझेशन फिरतं हे दाखवलं. उजवा पीळ दिला तर एकीकडे, डावा पीळ दिला तर दुसरीकडे. उजव्या-डाव्याचा हा गोंधळ रेडिओच्या दुनियेत आपल्याच माणसाच्या तागातून शिरला असं म्हणायला हरकत नाही. (हा माझा विनोद, इतिहास नव्हे.)

सरळ रेषेत डोलणाऱ्या लहरीचा दोष उघड आहे. दोन्ही टोकांचे अँटेना एकाच दिशेला असावे लागतात. गच्चीवरचा अँटेना हलत नाही, तिथे ठीक. पण ड्रोन वळताना कलतो, गिरकी घेतो, उलटा होतो. त्याचा उभा अँटेना आडवा झाला की चित्र गेलं. यावर उपाय म्हणजे डोलण्याऐवजी गरगर फिरणारी लहर, म्हणजे वर्तुळाकार पोलरायझेशन. ही कल्पना फ्रेनेलची, १८२२ सालची, आणि ती प्रकाशाबद्दल होती. क्षेत्राचा बाण लहरीबरोबर पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरतो. मग अँटेना उभा काय नि आडवा काय, लहरीला फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त फिरण्याच्या दिशेने. उजवी लहर उजव्या अँटेनाला मिळते, डाव्याला मिळत नाही.

अशी लहर सोडणारा सर्वांत सुंदर अँटेना म्हणजे हेलिक्स, साधी तारेची स्प्रिंग. त्याची जन्मकथाही छान आहे. १९४६ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात जॉन क्राउस नावाचे प्राध्यापक होते. एक पाहुणा शास्त्रज्ञ व्याख्यानाला आला होता, विषय होता ज्यात तारेची स्प्रिंग वापरतात अशी एक व्हॅक्यूम ट्यूब. क्राउसनी विचारलं, या स्प्रिंगचा अँटेना होईल का? पाहुणा म्हणाला, नाही, मी करून पाहिलंय, चालत नाही. क्राउस घरी गेले, तळघरात बसून त्यांनी एका लहरलांबीएवढा घेर ठेवून सात वेढ्यांची स्प्रिंग गुंडाळली आणि बघतात तो काय, स्प्रिंगच्या टोकातून सरळ पुढे झोत! आणि तोही वर्तुळाकार पोलरायझेशनचा. पुढे त्यांनी अशा ९६ स्प्रिंगांची रेडिओ दुर्बीणच उभी केली. आज ड्रोनवाले दूरचं चित्र पकडायला गॉगलवर जी स्प्रिंग लावतात ती हीच. ५.८ गिगाहर्ट्झला लहरलांबी साधारण ५२ मिलिमीटर, म्हणजे स्प्रिंगचा व्यास जेमतेम १६-१७ मिलिमीटर येतो.

आता मुख्य गोष्ट.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल, आणि कॉर्नवॉलच्याही दक्षिण टोकाला लिझर्ड नावाचं द्वीपकल्प. झाड क्वचितच, नुसतं झुडपांचं माळरान आणि अटलांटिकवरून येणारा वारा. या माळाचं नाव गूनहिली. इथून काही मैलांवर पोल्धू आहे, जिथून मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश पाठवला. गूनहिलीला साठ वर्षांहून जुनी एक प्रचंड थाळी उभी आहे. व्यास २५.९ मीटर, वजन अकराशे टनांच्या वर, नाव आर्थर. राजा आर्थरवरून, कारण कॉर्नवॉलमध्ये काहीही बांधलं की त्याला आर्थर जोडायची पद्धत आहे, जशी आपल्याकडे प्रत्येक चौकाला शिवाजी महाराजांचं नाव. थाळीशेजारी प्रागैतिहासिक काळातला एक उभा दगड आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थाळीपेक्षा त्या दगडापाशीच जास्त वेळ रेंगाळलो, कारण वाऱ्याला आडोसा तेवढाच होता.

ही थाळी बांधली टेलस्टार या उपग्रहासाठी. टेलस्टार १० जुलै १९६२ रोजी केप कॅनाव्हेरलहून सुटला. सुमारे ७७ किलो वजनाचा, मीटरभरापेक्षा लहान गोळा, अंगावर ३६०० सौर घट. जमिनीवरून ६३९० मेगाहर्ट्झला ऐकायचं आणि ४१७० मेगाहर्ट्झला परत बोलायचं, दोनेक वॉट ताकदीने. (ड्रोनची ५.८ गिगाहर्ट्झची जागा बरोबर या दोहोंच्या मधे पडते.) तो आजच्या प्रसारण उपग्रहांसारखा एका जागी थांबलेला नव्हता. अडीच तासांत पृथ्वीला फेरी मारायचा, आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांना एकाच वेळी दिसायचा तो फक्त वीसेक मिनिटं. शिवाय तोल राखण्यासाठी भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असायचा. फिरत्या भोवऱ्यावरून सरळ डोलणारी लहर पाठवून कसं चालेल? म्हणून टेलस्टारचं पोलरायझेशन वर्तुळाकार ठेवलं होतं. गिरकी घेणाऱ्या ड्रोनचं आणि त्याचं दुखणं अगदी एकच.

अमेरिकेने मेन राज्यात अँडोव्हरला कर्ण्याच्या आकाराचा महाकाय अँटेना बांधला, फुगवलेल्या घुमटाखाली. फ्रान्सने ब्रिटनीत प्लमर-बोदू इथे त्याचीच नक्कल उभारली. ब्रिटिशांनी मात्र स्वतःच्या डोक्याने उघडी थाळी बांधली, कमी खर्चात, आणि घुमटबिमट काही नाही. इतिहासाने पुढे थाळीच्याच बाजूने निकाल दिला, जगभर थाळ्याच पसरल्या. पण त्या रात्री निकाल वेगळा लागला.

१० जुलैची मध्यरात्र उलटली होती. अँडोव्हरहून चित्र निघालं, केंद्रासमोर फडकणारा अमेरिकेचा झेंडा. प्लमर-बोदूला ते स्वच्छ, खणखणीत मिळालं. फ्रेंचांचा आनंद गगनात मावेना. तिकडे गूनहिलीला बीबीसीचा रेमंड बॅक्स्टर कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रेक्षकांना धीर देतोय, आणि पडद्यावर? मुंग्या. मधेच एखादी पुसट आकृती, पुन्हा मुंग्या. उपग्रह मावळला, वेळ संपली. सकाळी वर्तमानपत्रं होतीच वाट बघत.

थाळी नीट रोखलेली होती. रिसीव्हर ठणठणीत होता. दोष सापडला तो थाळीच्या तोंडाशी बसवलेल्या फीडमधल्या एका छोट्या भागात. तो उलट्या बाजूने बसला होता. त्यामुळे टेलस्टार ज्या दिशेने फिरणारी लहर सोडत होता, त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेची लहर ऐकायला गूनहिली कान टवकारून बसलं होतं. भाग फिरवून बसवला आणि चोवीस तासांच्या आत गूनहिलीलाही सुंदर चित्र मिळालं.

तो उलटा बसला कसा? कुणा फिटरच्या झोपेमुळे नाही. टपाल खात्याने कारण दिलं ते असं, की फिरण्याच्या दिशेची जी व्याख्या रूढ आहे तीच संदिग्ध आहे. हे ऐकून तेव्हा बरेच लोक हसले असतील. पण कारण अगदी खरं होतं.

घरी छतावरचा पंखा बघा. आपले पंखे खालून पाहिले तर सहसा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. आता वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला काचेची फरशी असती तर त्याला तोच पंखा काट्यांप्रमाणे फिरताना दिसला असता. दोघंही खरं बोलतायत. लहरीचं तेच. प्रकाशवाले शास्त्रज्ञ जुन्या सवयीने लहर येते त्या दिशेकडे तोंड करून बघतात, म्हणजे दिव्याकडे. तिथून काट्यांप्रमाणे फिरताना दिसली तर ती उजवी. रेडिओवाल्यांनी, अमेरिकेतल्या आयआरई या संस्थेने १९४२ च्या आपल्या व्याख्येत, लहरीच्या पाठीशी उभं राहून ती दूर जाताना बघायचं ठरवलं. तिथून काट्यांप्रमाणे फिरली तर उजवी. परिणाम काय, तर एकाची उजवी ती दुसऱ्याची डावी. आणि दोन्ही बाजूंची पुस्तकं एकाच लायब्ररीत, बहुधा एकाच कपाटात.

यात चूक कोणाची असं मला विचाराल तर कोणाचीच नाही. प्रकाशवाला तारा बघतो, तो येणाऱ्या किरणाकडेच तोंड करणार. रेडिओवाला ट्रान्समीटर बांधतो, तो जाणाऱ्या लहरीच्या मागे उभा राहणार. तुम्ही 'उजव्या हाताने नियम' लावून बघा: अंगठा लहरीच्या दिशेने, वळलेली बोटं फिरण्याच्या दिशेने. उजव्या हाताला जमलं तर रेडिओवाल्यांची उजवी. साध्या स्क्रूसारखी उजवीकडे गुंडाळलेली क्राउसची स्प्रिंग हीच लहर सोडते. मग प्रकाशवाले चुकले? थांबा. हीच लहर एका क्षणी गोठवली आणि अवकाशात तिचा आकार पाहिला तर तो निघतो डाव्या स्क्रूचा! प्रकाशवाल्यांच्या उजव्या लहरीचा गोठवलेला आकार मात्र उजव्या स्क्रूचा. म्हणजे दोघांकडेही दाखवायला एकेक स्क्रू आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे पचवायला मला दोन दिवस आणि बराच चहा लागला होता.

त्या रात्रीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. गूनहिलीचा तो फीड एकट्याने तपासला असता तर पास झाला असता. भाच्याचे दोन अँटेनाही पासच होते की! एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की ट्रान्समीटरची ताकद अँटेनात शिरतेय, परत फिरत नाही. शिरलेली ताकद उजवीकडे फिरत बाहेर पडली की डावीकडे, हे त्या मीटरला कळूच शकत नाही. हा दोष एका अँटेनात नसतोच मुळी, तो दोघांच्या मधे असतो. म्हणून दुसऱ्या टोकाचा, ज्याची दिशा खात्रीने माहीत आहे असा अँटेना समोर ठेवल्याशिवाय तो सापडत नाही. आणि टेलस्टारच्या बाबतीत ते दुसरं टोक हजारो किलोमीटर उंचीवर होतं.

टेलस्टारचं पुढे काय झालं ते थोडक्यात. २३ जुलैला जाहीर कार्यक्रम झाला, युरोप-अमेरिकेने एकमेकांना थेट पाहिलं, त्याच्या नावाचं एक वाद्यसंगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण उड्डाणाच्या आदल्याच दिवशी, ९ जुलैला, अमेरिकेने प्रशांत महासागरावर अवकाशात अणुबॉम्बची चाचणी केली होती. त्या किरणोत्साराने उपग्रहाचे ट्रान्झिस्टर खाल्ले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गप्प झाला.

गूनहिलीनंतर व्याख्या एक झाली का? रेडिओत हो, बऱ्यापैकी. जीपीएसच्या लेखी तपशीलात उजवं पोलरायझेशन स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि जगातल्या फोनपासून ड्रोनपर्यंत सगळे त्यावरच चालतात. १९७७ मध्ये जिनिव्हात घरोघरच्या उपग्रह टीव्हीची आखणी झाली तेव्हा या गुणाचा फायदा करून घेतला: एकाच फ्रिक्वेन्सीवर उजवीकडे एक कार्यक्रम, डावीकडे दुसरा. खगोलवाल्यांनी १९७३ मध्ये रेडिओवाल्यांची व्याख्या मान्य केली. प्रकाशवाल्यांची पुस्तकं मात्र अजून बरीचशी आपल्या जागी आहेत. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची रेडिओ दुर्बीण. (नारायणगाव म्हटलं की लोकांना तमाशाच्या राहुट्या आठवतात, आमच्यासारख्यांना थाळ्या.) तिथेही बहुतेक बँडमध्ये येणारी लहर उजवी आणि डावी अशी वेगळी करून मोजतात. एखाद्या ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचं तोंड आपल्याकडे आहे की पलीकडे, हे त्या उजव्या-डाव्यावर ठरतं. अक्षर चुकलं तर ताऱ्याचा उत्तर ध्रुव दक्षिण होऊन बसायचा.

ड्रोनवाल्यांकडे हे सगळं बरंच उशिरा आलं. सुरुवातीला ते राउटरसारखी सरळ काडीच लावत. २०१० नंतरच्या एक-दोन वर्षांत हौशी लोकांनी 'क्लोव्हरलीफ' घरी बनवायला सुरुवात केली, तिरप्या बसवलेल्या तीन पाकळ्यांचा तारेचा अँटेना. चार पाकळ्यांचा त्याचा भाऊ गॉगलच्या बाजूला. चहूबाजूंना वर्तुळाकार लहर सोडणाऱ्या अशा अँटेनांवर अमेरिकेत आरसीए कंपनीत १९४० च्या दशकातच काम झालं होतं, पण पोरांनी ते सोल्डरिंग आयर्न घेऊन नव्याने उभं केलं, याचं मला खरोखर कौतुक आहे. फायदा नुसता गिरकीचा नाही. लहर भिंतीवर आपटून परत आली की तिची फिरण्याची दिशा उलटते, उजवी डावी होते. म्हणून इमारतींमधून उडताना येणारे पडसाद उजवा अँटेना बराचसा आपोआप गाळून टाकतो.

आता हिशोब. एका टोकाला सरळ काडी आणि दुसऱ्या टोकाला वर्तुळाकार असेल तर निम्मी ताकद जाते, म्हणजे तीन डेसिबल. चालून जातं. उजव्यासमोर डावा ठेवला तर कागदावर सगळंच जातं. प्रत्यक्षात कुठलाच अँटेना शंभर टक्के गोल नसतो म्हणून थोडं पाझरतं, पण वीस डेसिबलचा फटका सहज बसतो. वीस डेसिबल म्हणजे ताकदीचा शंभरावा भाग, आणि मोकळ्या मैदानात अंतराचा दहावा. इथे ब्रिटनमध्ये विनापरवाना फक्त २५ मिलिवॉट वापरता येतात, त्यातले शंभरातले नव्व्याण्णव भाग असे घालवणं परवडणारं नाही.

विकत घेताना आणखी एक फसगत होते, तीही ठरावाचीच. कनेक्टर दोन जातींचे मिळतात, एसएमए आणि आरपी-एसएमए. आटे एकसारखे, पण मधली पिन आणि भोक यांची अदलाबदल. अमेरिकेच्या नियमांनी बजावलं होतं की विनापरवाना यंत्रांना लोकांनी वाटेल तो अँटेना लावू नये म्हणून कनेक्टर वेगळा ठेवा, त्यातून ही उलटी जात फोफावली. चुकीची जोडी घट्ट बसते, पण आत भोकासमोर भोक येतं, मधे पिनच नाही. ट्रान्समीटरला वाटतं अँटेनाच लावलेला नाही, आणि चालू ठेवला तर त्याचा शेवटचा ॲम्प्लिफायर तापून जळू शकतो. इथे निदान डोळ्यांनी बघून कळतं.

उजवं-डावं मात्र टोपीखाली झाकलेलं असतं. उघडी स्प्रिंग असेल तर घरातला कुठलाही साधा स्क्रू शेजारी धरा. स्क्रूचं चांगलं हे की तो कुठल्याही टोकाकडून पाहिला तरी उजवा तो उजवाच राहतो, पंख्यासारखा बदलत नाही. वेढे स्क्रूसारखे चढत असतील तर अँटेना उजवा. पण तीच स्प्रिंग थाळीच्या तोंडाशी बसवून थाळीवर रोखली असेल तर परावर्तनाने दिशा उलटणार, तेव्हा उजव्या लहरीसाठी तिथे डावी स्प्रिंग लागते. टोपीबंद अँटेना असेल तर अक्षरावर भरवसा न ठेवता, दिशा माहीत असलेला एक उजवा आणि एक डावा आळीपाळीने समोर धरून बघायचं, उघड्या मैदानात, भिंतींपासून लांब. खोलीत केलंत तर भिंतीवरून उलटून आलेली लहर तुम्हाला भलतंच उत्तर देईल.